मामाला काय झालं होतं?

बीसीजीची लस टोचताना सुई कातडीला जवळजवळ आडवी धरावी लागते. डावा दंड, ०.०५ मिलिलिटर, तेही कातडीच्या आतच. नीट गेली तर संत्र्याच्या सालीसारखी बारीक छिद्रांची पांढरट फुगी उठते, खोल गेली तर उठत नाही. नवी मुंबईत एएनएम परिचारिका म्हणून नोकरी करताना मी अशा किती फुग्या उठवल्या याची मोजदाद नाही. त्यातली एकच अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

बोनकोडे गावठाणात आमच्या घरापासून चौथं दार. पंधरा-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. बारसं होऊन चार दिवस झाले होते, बाळ सोळा दिवसांचं, वजन तीन किलो शंभर ग्रॅम. आईला मी ओळखत होते. तिचा पहिला मुलगा पाच महिन्यांचा होऊन गेला, तेव्हा मी त्या घरी भेटायलाही गेले होते. लस टोचून झाल्यावर तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हा छान आहे गं, काळजी करू नकोस." पहिला कशाने गेला ते विचारलं नाही. जखमेवरची खपली कशाला काढायची, असं वाटलं.

दीड महिन्याने ती पोलिओच्या थेंबांसाठी आली. बाळाच्या दंडावरची पुळी फुटून ओली होती. बीसीजीनंतर असं होतंच. काही आठवड्यांनी पुळी येते, फुटते, खपली धरते आणि व्रण राहतो. "मलम लावू नका, शेकू नका, आपोआप भरेल," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणत असे, तिलाही म्हटलं. बाळाच्या तोंडात दह्यासारखा पांढरा थर होता. जेंशन व्हायोलेट लावलं, जीभ जांभळी झाली, चार दिवसांनी पुन्हा पांढरी. अडीच महिन्यांचा झाला तेव्हा काखेत लिंबाएवढी गाठ आली होती आणि वजनाच्या तक्त्यावरची रेघ आडवी पडली होती. तीन किलो सहाशे. पोराने बाळसं धरलंच नव्हतं. सासू म्हणाली, दृष्ट लागली. मी म्हणाले, दूध पुरत नसेल. आम्ही दोघीही सारख्याच चुकलो होतो.

तिसऱ्या महिन्यात धाप सुरू झाली. एका संध्याकाळी बाळाच्या आईची आई, उरणकडची म्हातारी, माझ्या ओट्यावर येऊन बसली. बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "बाय, तुला येक सांगू? माजं दोन पोरगे असंच गेले. तोंड पांढरा, जुलाब, मंग धाप. माज्या भयनीचा पोऱ्या पन तसाच. पोरी जगल्या." त्या काळी तिला कुणी मुडदूस सांगितला होता, कुणी बाहेरचं लागलं म्हणालं होतं. एकवीरेला नवस बोलून झाले होते. लेकीच्या सासरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सोयरीक झाली नसती.

तिच्या सांगण्यातले 'पोरी जगल्या' हे दोन शब्द म्हणजे अर्धं निदान होतं. मला ते तेव्हा कळलं नाही.

ज्या बालरोगतज्ज्ञांकडे बाळाला नेलं त्यांनी नवी तपासणी सांगण्याआधी जुने कागद मागितले. रक्ताचा साधा सीबीसी आधी दोनदा झाला होता. एकूण पांढऱ्या पेशी पाच हजार होत्या. कागदावर त्यापुढे खूण नव्हती, कारण मोठ्या माणसाला पाच हजार चालतात. डॉक्टरांनी लिम्फोसाइटची टक्केवारी पाहिली आणि पेनाने गुणाकार केला. पाच हजारांचे आठ टक्के म्हणजे चारशे. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात लिम्फोसाइट मोठ्या माणसापेक्षा जास्त हव्यात, एका घनमिलिमीटरला तीन हजारांच्या आसपास तरी. दोन्ही वेळा तो आकडा कागदावर होता, गुणाकार कुणी केला नव्हता. मीही केला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "उद्याच परळला जा."

परळला निदान झालं ते सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी, थोडक्यात 'स्किड'. लिम्फोसाइटच्या अंगावर निरोप ऐकणारा एक सांधा असतो. वाढा, पक्व व्हा, कामाला लागा, हे निरोप त्यातून आत पोचतात. तो सांधा घडवणारं आयएल-टू-आर-जी नावाचं जनुक या बाळात बिघडलेलं होतं. म्हणून टी पेशी तयारच होत नव्हत्या. बी पेशी होत्या, पण टी पेशींच्या सांगण्याशिवाय त्यांना प्रतिपिंडं नीट बनवता येत नाहीत. घरात माणसं आहेत पण कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, तसं.

बीसीजीच्या लशीत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. इतर बाळांत ते दंडातच रोखले जातात आणि त्यातूनच शरीर क्षयाशी लढायला शिकतं. या बाळात त्यांना रोखणारं कुणी नव्हतं. ते दंडातून काखेत, काखेतून यकृतात आणि फुप्फुसात गेले. बोनमॅरो ट्रान्सप्लांटची तयारी सुरू झाली होती. त्याआधीच, साडेपाच महिन्यांचा असताना, तो गेला.

डॉक्टरांनी मला सांगितलं, "तुम्ही वेळापत्रकाप्रमाणे लस दिलीत, तुमची चूक नाही." ते खरं आहे. पहिला मुलगा गेल्याचं मला ठाऊक होतं आणि मी विचारलं नाही, हेही खरं आहे. त्यानंतर मी या आजारांबद्दल जमेल ते वाचलं, विचारलं. दुसऱ्या घरच्या मुलांना घेऊन परळच्या वाऱ्या केल्या. या लेखात आहे ते त्यातूनच आलेलं.

खाडीकाठच्या माणसाला हा आजार समजावताना मी बांधाचं सांगते. १९७० मध्ये सिडको आली, त्याआधी आमच्या गावांची भातशेती खारजमिनीवर होती. भरतीचं पाणी अडवायला मातीचा लांबच लांब बांध असे. उधाणाला बांधाला खांड गेली की खारं पाणी आत येई. पण खांड जिथे पडली तिथलंच शेत बुडेल असं नसे. पाणी सखल जागा शोधत जाई आणि नुकसान भलत्याच्याच शेतात दिसे. शेतात उभं राहून खांड सापडत नाही, त्यासाठी बांधावरून चालत जावं लागतं. या मुलांचंही तसंच. कान वाहतो म्हणून कानाच्या डॉक्टरकडे, गळू आलं म्हणून सर्जनकडे, खरूज म्हणून कातडीच्या डॉक्टरकडे, जुलाब म्हणून पोटाच्या डॉक्टरकडे. प्रत्येक जण आपलं शेत उपसतो. बांध तसाच फुटका राहतो.

जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांचे आज ५०० हून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. प्रत्येकाची खांड वेगळ्या जागी, म्हणून लक्षणंही वेगळी. एकेक प्रकार अगदी दुर्मिळ आहे. सगळे मिळून मात्र तितके दुर्मिळ राहत नाहीत. हे मला परळच्या बाकावर बसून कळलं.

कोपरखैरण्याहून गाडीने वाशी, वाशीहून हार्बरने कुर्ला, कुर्ल्याहून धिमी लोकल आणि परळ. केईएमच्या आवारातल्या नव्या बहुमजली इमारतीत तेराव्या मजल्यावर आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे, डॉक्टर मंडळी तिला एनआयआयएच म्हणतात. या आजारांच्या निदानाचं काम तिथे डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलं आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर १९२९ सालचं बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय आहे. तिथल्या इम्युनॉलॉजी विभागातले डॉ. मुकेश देसाई यांचं नाव राज्यभरातल्या बालरोगतज्ज्ञांना ठाऊक असतं. या दोन जागांच्या मध्ये खानदेशापासून कोकणापर्यंतची माणसं डबे आणि फायली घेऊन बसलेली असतात. फायलीची जाडी बघितली की मुलाचं वय आणि भटकंती दोन्ही कळतात.

सोलापूरकडचा एक मुलगा होता, सहा वर्षांचा. आठव्या महिन्यापासून कान फुटत होते, तीनदा न्यूमोनिया झाला होता. आई म्हणाली, "पहिले सहा महिने सोन्यासारखा होता हो." तिने नेमकं बोट ठेवलं होतं. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतर काही महिने ती पुंजी पुरते. ती संपता संपता बाळाने स्वतःची कमाई सुरू करायची असते. या मुलात बी पेशीच नव्हत्या, म्हणून कमाई शून्य. त्याने आ केला तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला दाखवलं, घशात टॉन्सिल जवळजवळ नव्हते. टॉन्सिल बी पेशींनी भरलेले असतात, पेशी नाहीत तर टॉन्सिलही नाहीत. टॉर्चच्या उजेडात, फुकट दिसणारी ही खूण आहे.

या आजाराला ब्रूटन यांचं नाव आहे. ऑग्डेन ब्रूटन हे अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ. आठ वर्षांचा एक मुलगा पुन्हा पुन्हा त्याच जंतूने आजारी पडत होता. त्याच्या रक्तातल्या प्रथिनांची तपासणी केली तर गॅमा ग्लोब्युलिन नव्हतंच. ब्रूटननी ते बाहेरून टोचायला सुरुवात केली आणि मुलगा सुधारला. हे त्यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी आमच्या परळला केईएममध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक असा रक्तगट सापडला, जो ए, बी, ओ यांच्या कुठल्याच कप्प्यात बसेना. जग त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतं. या दोन शोधांचा एकमेकांशी संबंध नव्हता. चाळीस वर्षांनी बॉम्बे रक्तगटाचा संबंध प्रतिकारशक्तीच्या अशाच एका दोषाशी जुळला, आणि तो सांगायचा तर आधी नाळेची गोष्ट सांगायला हवी.

बाळाची नाळ साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत गळून पडते. रत्नागिरीकडच्या एका जोडप्याच्या बाळाची महिना झाला तरी पडली नव्हती, बेंबी लाल होती. नाळ सुकून सुटायलाही पांढऱ्या पेशी तिथे पोचाव्या लागतात. याच्या रक्तात पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या होत्या, साठ हजारांच्या वर, इतक्या की आधी ब्लड कॅन्सरची शंका घेतली गेली. पण त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडूच शकत नव्हत्या. म्हणून जखम व्हायची पण पू व्हायचा नाही. पू म्हणजे जागेवर पोचून कामी आलेल्या पांढऱ्या पेशी. जखम आहे, लाली आहे आणि पू नाही, तर ती चांगली खूण समजू नका. या आजाराला ल्युकोसाइट ॲड्हिजन डेफिशियन्सी म्हणतात.

याच आजाराचा दुसरा एक प्रकार १९९२ मध्ये इस्रायलमधल्या दोन मुलांत वर्णिला गेला आणि त्या मुलांचा रक्तगट निघाला बॉम्बे. कारण एकच होतं. फ्युकोज नावाची एक साखर पेशींवर बसवण्याची सोयच त्या मुलांत नव्हती. तांबड्या पेशीवर ती साखर नसली की रक्तगट बॉम्बे होतो, पांढऱ्या पेशीवर नसली की पेशी भिंतीला धरू शकत नाही. बॉम्बे रक्तगटाच्या इतर माणसांनी घाबरण्याचं कारण नाही, त्यांच्यात फक्त तांबड्या पेशींवरची साखर बसवणारा दुवा वेगळा असतो, ती धडधाकट असतात. परळच्या रक्तपेढीत सापडलेलं कोडं आणि बेंबीची न भरणारी जखम एका साखरेच्या कणाने जोडली जातात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी परतीच्या गाडीत वाशी कधी आलं ते विसरूनच गेले.

जळगावकडची एक मुलगी होती, नऊ वर्षांची. मानेत गाठी, काखेत गळवं, आणि यकृतातलं गळू दोनदा ऑपरेशन करून काढलेलं. तिच्या पांढऱ्या पेशी जंतूपर्यंत पोचत होत्या, त्याला गिळतही होत्या, पण गिळलेल्याला मारायला जो रासायनिक मारा लागतो तो त्यांना जमत नव्हता. तपासणी साधी आणि बघायला सुंदर आहे. एनबीटी नावाचा पिवळा रंग पेशींना देतात. धडधाकट पेशी त्याचे गडद निळे कण करतात, या आजारातल्या पेशी तशाच राहतात. जोडीला निरोगी माणसाचं रक्त लागतं, तुलनेसाठी. त्या दिवशी मी हात पुढे केला. माझ्या पेशी निळ्या झाल्या, तिच्या नाहीत. दोन काचपट्ट्या शेजारी ठेवलेल्या, एवढंच. मुलीच्या आईने विचारलं, "तुमचं निळं म्हणजे चांगलं ना?" मला मान हलवतानाही जड गेलं.

बाकीची मंडळी थोडक्यात सांगते, कारण प्रकार संपत नाहीत. अंगभर चट्टे, वारंवार कान फुटणं आणि जरा लागलं की रक्त, अशा मुलांच्या प्लेटलेट कमीच नव्हे तर आकारानेही लहान असतात, तो विस्कॉट-ऑल्ड्रिच. कौतुकाने 'चांदीचे केस' म्हणावेत असे करडे केस आणि उतरतच नाही असा ताप, अशा मुलाचा एक केस मायक्रोस्कोपखाली धरला की रंगाच्या गुठळ्या दिसतात आणि तपासाला दिशा मिळते. गळवं येतात पण ती गरम नसतात आणि दुधाचे दात वेळेवर पडत नाहीत, हाही एक प्रकार. जन्मतःच हृदयात दोष आणि कॅल्शियम कमी होऊन आकडी, त्यामागे थायमस ग्रंथी नीट न वाढलेली असू शकते. काही मुलांत तर संसर्ग मागेच राहतो. शरीर आपल्याच तांबड्या पेशी, आपल्याच प्लेटलेट, आपलंच आतडं खायला उठतं. प्रतिकारशक्ती कमी असणं आणि बेताल असणं, या एकाच घरच्या दोन गोष्टी आहेत.

आता मामाकडे येते.

परळच्या डॉक्टरांनी कोरा कागद घेऊन त्या म्हाताऱ्या आजीला समोर बसवलं होतं. मुलगी म्हणजे गोल, मुलगा म्हणजे चौकोन, आजार झालेला काळा, गेलेल्यावर तिरकी रेघ. आजी सांगत गेली, ते काढत गेले. दोन मामा, दोन्ही चौकोन काळे. मावस मामा, काळा. पहिला नातू, काळा. दुसरा, मांडीवरचा, काळा. गोल सगळे पांढरे. कागदाकडे बघून आजी एवढंच म्हणाली, "यवडे व्हते का?"

बिघडलेलं जनुक एक्स गुणसूत्रावर होतं. बाईकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तर दुसरा काम चालवतो, तिला काही होत नाही. मुलाकडे एकच. आईकडून बिघडलेला आला तर आजार, चांगला आला तर मुलगा धडधाकट, प्रत्येक खेपेला निम्मी-निम्मी शक्यता. मुलीला बिघडलेला आला तरी ती निरोगी राहून पुढच्या पिढीला तो देऊ शकते. म्हणून या गटातल्या आजारांचा माग बापाच्या घराण्यात नाही, आईच्या माहेरी लागतो. त्यातही मामांकडे. आपल्याकडे मामाला मान मोठा, पण तान्हेपणी गेलेल्या मामाचं नाव कुणी घेत नाही. त्याचा फोटो नसतो, श्राद्ध नसतं, शिधापत्रिकेवर नाव नसतं. तो फक्त त्याच्या आईला आठवत असतो.

सगळेच प्रकार असे नसतात. जळगावच्या त्या मुलीचे आईवडील मामे-आते भावंडं होती. दोघांकडे एकच लपलेला दोष होता आणि तो मुलीत दोन्ही बाजूंनी आला. अशा आजारांत मुलगे-मुली दोघंही सापडतात. आणि कित्येकदा घराण्यात काहीच नसतं, बदल त्या बाळातच पहिल्यांदा झालेला असतो. म्हणून "तुझ्या माहेरचं आलं" असं चौथ्या दारातली सासू बोलली तेव्हा मी तिला गप्प केलं. जनुक कुणी निवडून आणत नाही. सुनेच्या आईने जे लपवलं त्यामागे हीच बोलणी खाण्याची भीती होती, आणि त्या लपवण्याची किंमत दोन नातवांनी दिली.

हे वाचून बालवाडीतल्या पोराच्या प्रत्येक शिंकेला घाबरू नका. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होतो, मोठं भावंड शाळेतून आणतं तेव्हा जास्तही. दोन आजारांच्या मधल्या काळात मूल हुंदडत असेल, वजन वाढत असेल, तर बहुधा सगळं ठीक आहे. बघायचं असतं ते वेगळं. वर्षात चारदा किंवा जास्त वेळा कान फुटणं. वर्षात दोन न्यूमोनिया. दोन-दोन महिने अँटिबायोटिक घेऊनही फरक न पडणं किंवा दर वेळी सलाइनमधूनच द्यावी लागणं. खोल किंवा आतल्या अवयवांत वारंवार गळू. न हटणारी तोंडातली बुरशी. वजन न वाढणं. आणि घराण्यात असाच आजार किंवा तान्ही मुलं गेलेली असणं. अमेरिकेतल्या जेफ्री मोडेल फाउंडेशनने अशा दहा खुणांची यादी जगभर पोचवली. असाच जन्मजात दोष असलेल्या, पंधराव्या वर्षी गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने आईवडिलांनी ती संस्था १९८७ मध्ये काढली. यादीतल्या दोन खुणा जुळल्या तर टक्केवारीसह सीबीसी आणि इम्युनोग्लोब्युलिनची पातळी या पहिल्या तपासण्या होऊ शकतात. आणि दुकानात 'इम्युनिटी' वाढवायच्या ज्या बाटल्या-पुड्या मिळतात, त्यांनी जनुकातली खांड बुजत नाही. त्यांच्या नादात महिने जातात, आणि इथे महिनेच महत्त्वाचे असतात.

स्किडमध्ये ते किती महत्त्वाचे, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासातून दिसलं. जन्मानंतर साडेतीन महिन्यांच्या आत ट्रान्सप्लांट झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतरही जिवंत होती. अंगात संसर्ग सुरू असताना ज्यांचं करावं लागलं, त्यांच्यातली निम्मीच. म्हणून अमेरिकेत टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून नवजात बाळांची तपासणी करतात. विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये सुरुवात केली आणि २०१८ च्या अखेरीस सगळी राज्यं त्यात आली. आपल्याकडे अशी सरसकट तपासणी नाही आणि बीसीजी मात्र जन्मताच दिली जाते. क्षयाच्या देशात ती दिलीच पाहिजे, माझं त्याबद्दल दुमत नाही. म्हणूनच टोचण्याआधीचा एक प्रश्न आपल्याकडे त्या तपासणीच्या जागी उभा आहे.

सोलापूरच्या मुलाला ट्रान्सप्लांट लागलं नाही. दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, वजनाच्या किलोमागे साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम, जन्मभर. एकेक बाटली हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून तयार होते. तो मुलगा आता नोकरी करतो आणि महिन्यातला एक शनिवार बाटलीसाठी ठेवतो. औषध महाग आहे आणि ते कधीच थांबत नाही, घरं त्याखाली वाकतात. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात स्किड, जळगावच्या मुलीचा क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज आणि विस्कॉट-ऑल्ड्रिच हे आजार ट्रान्सप्लांटने बरे होऊ शकणाऱ्या गटात घेतले आहेत. या धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते आणि मुंबईत त्यासाठीचं केंद्र केईएम आहे. ही माहिती घरच्यांना उशिरा कळते, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. असा संशय असलेल्या बाळाला बीसीजी, पोलिओचे तोंडाचे थेंब आणि रोटाव्हायरस या जिवंत लशी तपासणीचा निकाल येईपर्यंत देत नाहीत. त्याच्या घरातल्या इतर मुलांनाही पोलिओची इंजेक्शनची लस बरी. आणि रक्त चढवायची वेळ आली तर ते किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेलं हवं, नाहीतर दात्याच्या पांढऱ्या पेशी बाळावरच उलटतात.

चौथ्या दारातली ती मुलगी पुन्हा गरोदर राहिली. या वेळी जनुकाचं नाव ठाऊक होतं, त्यामुळे गरोदरपणातच परळला नोंद झाली. बाळ जन्मलं त्याच दिवशी रक्त तपासणीला गेलं. मुलगा होता. निकाल येईपर्यंत बारशाला कुणाला बोलावलं नाही, बीसीजी राहू दिली, थेंबही राहू दिले. टी पेशी भरपूर आहेत असा निकाल आला, तेव्हा तिने सांगितलं की टोचायचं ते तुम्हीच टोचा. मी आधी कागद दोनदा वाचला. मग डावा दंड धरला. फुगी नीट उठली. तो आता आठवीत आहे, दंडावर व्रण आहे.

तेव्हापासून हातात सुई घेण्याआधी मी आईला आणि सोबत आलेल्या आजीला एक प्रश्न विचारू लागले. नव्या मुलींना शिकवताना तोच आधी शिकवला: घरात कुणी तान्हं मूल गेलंय का, माहेरी मामा-मावसभाऊ कुणी गेलाय का, आणि त्याला काय झालं होतं? विचारायला अर्धा मिनिट लागतो. तुमच्या घरात असा कुणी असेल, पन्नास वर्षांपूर्वीचा असला तरी, त्याचं वय आणि आठवतील ती लक्षणं एका कागदावर लिहा आणि तो कागद गरोदर लेकी-सुनेच्या फाइलमध्ये ठेवा. डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही स्वतःहून दाखवा.